गाभ राहतो, पण टिकत का नाही? मेंढीच्या गाभणकाळाचे पहिले तीन आठवडे आणि प्रोजेस्टेरॉन

मेंढीला मेंढा लागला आणि १७ दिवसांनी ती पुन्हा माजावर आली, की ‘गाभ राहिलाच नाही’ असे म्हणून आपण मोकळे होतो. पुष्कळदा ते खरे नसते. मेंढी निरोगी, मेंढा चांगला आणि वेळ बरोबर असेल, तर दहापैकी नऊ बीजांडे फळतात. अडचण त्यापुढे असते. फळलेल्या बीजांडांपैकी साधारण २० ते ३० टक्के भ्रूण पुढे मरतात आणि त्यातले बहुतेक पहिल्या १८ दिवसांतच जातात. त्या वेळी भ्रूण इतका लहान असतो की बाहेर काहीच दिसत नाही. मेंढी गाभडल्याचे कोणाच्या लक्षात येत नाही, ती नुसती ‘उलटली’ म्हणून नोंद होते.

या १८ दिवसांचा कारभार ज्या संप्रेरकाच्या हाती असतो ते प्रोजेस्टेरॉन. ‘प्रोजेस्टेरॉन गाभ धरून ठेवते’ हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेले असते. ते चुकीचे नाही, पण त्यामुळे असा समज होतो की प्रोजेस्टेरॉन जितके जास्त तितके चांगले, आणि कमी पडले तर इंजेक्शन द्यावे. मेंढीत प्रकरण तसे नाही. रक्तात प्रोजेस्टेरॉन किती आहे याइतकेच ते कोणत्या दिवशी वाढू लागले यालाही महत्त्व आहे, आणि माझ्या मते दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. ते कसे, ते दिवसांच्या हिशेबाने पाहू. माज सुरू झाला तो दिवस शून्य धरू.

पीतपिंड आणि प्रोजेस्टेरॉनची चढण

मेंढीचे ऋतुचक्र १६–१७ दिवसांचे असते. माज २४ ते ३६ तास टिकतो आणि बीजांड माजाच्या शेवटाकडे सुटते. बीजांड सुटल्यावर रिकाम्या झालेल्या पुटिकेच्या (बीजांड जिच्यात वाढते त्या अंडाशयातल्या पिशवीच्या) जागी काही दिवसांत घट्ट, रक्तवाहिन्यांनी भरलेली गाठ तयार होते. हेच पीतपिंड. त्यात दोन प्रकारच्या पेशी असतात. लहान पेशी मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीच्या एलएच संप्रेरकाचा इशारा मिळाला की प्रोजेस्टेरॉन जोमाने बनवतात. मोठ्या पेशी अशा इशाऱ्याशिवायही सतत बनवत राहतात. या मोठ्या पेशी ऑक्सिटोसिनही बनवतात, त्याचा संबंध पुढे येईल.

माजाच्या दिवशी रक्तात प्रोजेस्टेरॉन जवळजवळ नसते, दर मिलिलिटरला अर्ध्या नॅनोग्रॅमपेक्षाही कमी. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून ते चढू लागते आणि आठव्या ते दहाव्या दिवसापर्यंत साधारण २ ते ४ नॅनोग्रॅमवर स्थिरावते. जात, वय, शरीरस्थिती आणि किती बीजांडे सुटली यांवर हा आकडा बदलतो. दोन बीजांडे सुटली तर दोन पीतपिंडे होतात आणि पातळी एका पीतपिंडाच्या मेंढीपेक्षा जास्त राहते, मात्र अगदी दुप्पट होईलच असे नाही.

प्रोजेस्टेरॉन कोलेस्टेरॉलपासून बनते, ते तेलात विरघळते आणि यकृत ते फार झपाट्याने मोडते. रक्तात गेलेले प्रोजेस्टेरॉन काही मिनिटांतच निम्मे उरते. म्हणजे रक्तात दिसणारी पातळी हे दोन वेगांचे गणित आहे: पीतपिंड किती वेगाने बनवते आणि यकृत किती वेगाने मोडते. खाद्याचा परिणाम समजून घेताना ही गोष्ट कामाला येते.

तोवर भ्रूण काय करत असतो

बीजांड बीजवाहिनीत फळते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी, साधारण १६ पेशींचा झाल्यावर, भ्रूण गर्भाशयात उतरतो. सहाव्या दिवसापर्यंत तो आत पोकळी असलेला गोळा बनतो आणि आठव्या-नवव्या दिवशी बाहेरचे कवच फोडून मोकळा होतो. दहाव्या दिवशीही तो जेमतेम अर्धा मिलिमीटर, म्हणजे टाचणीच्या डोक्याहून लहान असतो.

यानंतर जे घडते ते पाहण्यासारखे आहे. बाराव्या दिवशी तो एक-दोन सेंटिमीटर लांबीची नळी होतो. चौदाव्या दिवसापर्यंत ती १० सेंटिमीटरच्या आसपास पोहोचते आणि सोळाव्या दिवसाच्या सुमारास गर्भाशयाच्या शिंगातून दूरवर पसरलेला पांढरट, दोऱ्यासारखा तंतू बनते. हा तंतू म्हणजे मुख्यतः पुढे वार तयार करणाऱ्या पेशींचे आवरण. खरे कोकरू होणारा भाग त्यात अगदी छोटा असतो.

एवढी वाढ होत असताना भ्रूण कशालाही चिकटलेला नसतो. गर्भाशयाच्या अस्तराला तो सोळाव्या दिवसाच्या आसपास चिकटू लागतो आणि पकड घट्ट व्हायला आणखी काही दिवस जातात. तोवर त्याला रक्तातून काही मिळत नाही. सगळे पोषण गर्भाशयाच्या ग्रंथींतून पाझरणाऱ्या द्रवातून येते. त्यात ग्लुकोज असते, आर्जिनिनसारखी अमिनो आम्ले असतात, आणि पेशींना लांबायला व चिकटायला मदत करणारी प्रथिने असतात. हा द्रव केव्हा आणि किती पाझरायचा ते प्रोजेस्टेरॉन ठरवते.

या ग्रंथींचे महत्त्व एका प्रयोगात अगदी स्पष्ट झाले. नवजात मादी कोकरांना जन्मापासून सुमारे आठ आठवडे प्रोजेस्टेरॉनसारखे कृत्रिम संप्रेरक दिले, तर त्यांच्या गर्भाशयात ग्रंथी तयारच होत नाहीत. अशा मेंढ्या मोठ्या झाल्यावर माजावर येतात, त्यांची बीजांडे सुटतात, फळतात आणि भ्रूण गर्भाशयात पोहोचतोही. पण तो लांबत नाही आणि मेंढी गाभण राहत नाही. पीतपिंड ठणठणीत असूनही ग्रंथींचा पाझर नसेल तर गोळ्याचा तंतू होत नाही.

गर्भाशयाचे घड्याळ

आता विषयातला सर्वात गुंतागुंतीचा भाग. कोणत्याही संप्रेरकाला काम करायला पेशीत त्याचा ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, लागतो. चक्राच्या सुरुवातीला गर्भाशयाच्या आतल्या अस्तरात आणि ग्रंथींत प्रोजेस्टेरॉनचे रिसेप्टर भरपूर असतात. पण प्रोजेस्टेरॉनचा अंमल सलग आठ-दहा दिवस चालला की ते स्वतःच हे रिसेप्टर बंद पाडते. आधी आतल्या अस्तरातले जातात, साधारण अकराव्या दिवशी, आणि दोन दिवसांनी ग्रंथींमधले. अस्तराखालच्या संयोजी ऊतीत आणि स्नायूंत मात्र ते टिकून राहतात.

वाचायला हे उलटे वाटते. ज्या ग्रंथींनी भ्रूणाला पोसायचे, त्यांच्यातलाच प्रोजेस्टेरॉनचा रिसेप्टर नेमका गरजेच्या वेळी नाहीसा का व्हावा? कारण तो जाईपर्यंत भ्रूणाला लागणारी अनेक प्रथिने दाबून ठेवलेली असतात. रिसेप्टर गेला की हा दाब सुटतो. अस्तरावर असलेले, भ्रूणाला चिकटू न देणारे श्लेष्मल प्रथिनांचे आवरण विरळ होते आणि चिकटण्याला मदत करणारी प्रथिने तयार होऊ लागतात. यापुढे प्रोजेस्टेरॉनचा हुकूम खालच्या संयोजी ऊतीमार्फत येतो. तिथल्या पेशी वाढकारक प्रथिने सोडतात आणि ती वरच्या अस्तराला कामाला लावतात.

पण याच घटनेची दुसरी बाजूही आहे. प्रोजेस्टेरॉनचा रिसेप्टर असेपर्यंत अस्तरात इस्ट्रोजेन आणि ऑक्सिटोसिन यांचे रिसेप्टर तयार होत नाहीत. तो गेला की हा अटकाव उठतो. तेराव्या-चौदाव्या दिवसापासून आधी इस्ट्रोजेनचे आणि मग ऑक्सिटोसिनचे रिसेप्टर अस्तरावर येतात. पिट्युटरीतून आणि खुद्द पीतपिंडातून आलेले ऑक्सिटोसिन त्यांना लागले की अस्तर प्रोस्टाग्लँडिन एफ-२ अल्फा सोडते. ते सतत पाझरत नाही, काही तासांच्या अंतराने झटक्याझटक्याने येते. गर्भाशयाच्या शिरेला अंडाशयाची धमनी चिकटून, वेटोळे घालत जाते, त्यामुळे हे प्रोस्टाग्लँडिन शिरेतून थेट धमनीत झिरपते आणि त्याच बाजूच्या अंडाशयात पोहोचते. हा आडमार्ग नसता तर फुप्फुसांतून एकदा जातानाच त्यातले बहुतेक मोडले असते. दिवसभरात असे चार-पाच झटके बसले की पीतपिंड कोसळते. प्रोजेस्टेरॉन दोनेक दिवसांत तळाला जाते आणि मेंढी सोळाव्या-सतराव्या दिवशी पुन्हा माजावर येते. पीतपिंडाने सोडलेले ऑक्सिटोसिन त्याच्याच मरणाला हातभार लावते ते असे.

म्हणजे प्रोजेस्टेरॉन वाढू लागले की गर्भाशयात एक घड्याळ सुरू होते. एका बाजूला ते घर सजवते, दुसऱ्या बाजूला पीतपिंड मारण्याची तयारी करते. भ्रूण असो वा नसो, बाराव्या दिवसापर्यंत दोन्ही तयाऱ्या सारख्याच चालतात.

भ्रूणाचा निरोप: इंटरफेरॉन टाऊ

पीतपिंड वाचवायचे तर भ्रूणाने बाराव्या-तेराव्या दिवसापर्यंत ‘मी इथे आहे’ हे कळवले पाहिजे. ही मुदत केंब्रिजच्या मूर आणि रोसन यांच्या १९६६ मधल्या प्रयोगांनी दाखवून दिली. बाराव्या दिवसापर्यंत भ्रूण काढून घेतला तर मेंढी नेहमीच्या वेळी माजावर येते. तेराव्या दिवशी किंवा नंतर काढला तर पीतपिंड बरेच जास्त दिवस टिकते. निरोप त्याआधीच पोहोचलेला असतो.

हा निरोप कोणत्या पदार्थाचा, हे १९८० च्या दशकात कळले. भ्रूणाच्या बाहेरच्या पेशी एक प्रथिन मोठ्या प्रमाणात सोडतात, आणि १९८७ मध्ये त्याची रचना उलगडली तेव्हा ते इंटरफेरॉनच्या कुळातले निघाले. विषाणूंशी लढताना शरीर ज्या जातीची प्रथिने वापरते, त्याच जातीचे. आज त्याला इंटरफेरॉन टाऊ म्हणतात. दहाव्या दिवसापासून ते सुटू लागते, १४ ते १६ या दिवसांत सर्वात जास्त असते आणि २१ व्या दिवसाच्या आसपास थांबते.

ते गर्भाशयाच्या अस्तरात इस्ट्रोजेनचा रिसेप्टर वाढू देत नाही. तो नाही म्हणून ऑक्सिटोसिनचाही येत नाही, आणि म्हणून प्रोस्टाग्लँडिनचे झटके बसत नाहीत. थोडे प्रोस्टाग्लँडिन पाझरत राहते, पण झटक्यांशिवाय ते पीतपिंडाला मारत नाही. माणसात भ्रूणाचे संप्रेरक पीतपिंडाला थेट चालना देते. मेंढीत मुख्य काम गर्भाशयाला आवरण्याचे असते.

आणि हे प्रथिन किती सुटणार ते भ्रूणाच्या पृष्ठभागावर अवलंबून आहे. १० सेंटिमीटरचा तंतू भरपूर इंटरफेरॉन सोडतो. त्याच दिवशी दोन मिलिमीटरचाच राहिलेला भ्रूण नावापुरते सोडतो. तो जिवंत असतो, पण त्याचा आवाज पोहोचत नाही. प्रोस्टाग्लँडिन सुटते, पीतपिंड जाते आणि पाठोपाठ भ्रूणही. ‘उलटलेल्या’ मेंढ्यांपैकी बऱ्याच जणींची कथा हीच असते.

उशीर एका दिवसाचा

आता सुरुवातीचा मुद्दा उलगडतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुरू व्हायची प्रोजेस्टेरॉनची चढण एक-दोन दिवस लांबली, तर ग्रंथींचा पाझर उशिरा वाढतो, भ्रूण मागे पडतो आणि मुदतीच्या दिवशी तो आखूड असतो. दहाव्या दिवशी रक्त तपासले तर आकडा नॉर्मल दिसू शकतो. चूक चौथ्या-पाचव्या दिवशी झालेली असते.

उलटा प्रयोगही झाला आहे. मेंढीला मेंढा दाखवल्यानंतर दीड दिवसापासून रोज प्रोजेस्टेरॉन दिले, तर नवव्या दिवशी भ्रूण नेहमीपेक्षा बराच मोठा भरतो आणि बाराव्या दिवशीच तंतूसारखा लांबलेला सापडतो. मग हे सगळ्याच कळपाला का देऊ नये? कारण घड्याळही तितकेच लवकर सुरू होते. ज्या मेंढीत भ्रूण नाही, तिला सुरुवातीच्या दिवसांत बाहेरून प्रोजेस्टेरॉन दिले की चक्र आखूड होते, कारण रिसेप्टर लवकर जातात आणि पीतपिंड लवकर मारले जाते. भ्रूण मागे असेल आणि घड्याळ पुढे पळाले, तर असलेला गाभही हातचा जातो. भ्रूण प्रत्यारोपण करणारे म्हणूनच दाता आणि ग्राही मेंढीच्या माजात दोन दिवसांपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाहीत.

खुराक: चांगल्या हेतूने होणारे नुकसान

व्यवहारात सर्वात जास्त चूक इथे होते. मेंढा सोडण्याआधी दोन-तीन आठवडे खुराक वाढवणे योग्यच आहे. रोज २५० ते ५०० ग्रॅम धान्य जास्त दिले तर, विशेषतः मध्यम शरीरस्थितीच्या मेंढ्यांत, जास्त बीजांडे सुटतात. पण मेंढा लागल्यानंतर ‘आता गाभण आहे, दाबून खाऊ घाला’ असे केले तर फासा उलटा पडतो.

जास्त खाल्ले की आतडी आणि यकृताकडे जाणारे रक्त वाढते. यकृतातून दर मिनिटाला जास्त रक्त जाते, म्हणून प्रोजेस्टेरॉनही जास्त वेगाने मोडले जाते. पीतपिंड तेवढेच बनवत असते, तरी रक्तातली पातळी उतरते. ऑस्ट्रेलियात १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या एका कामात, मेंढा लागल्यानंतर शरीर टिकवायला लागते त्याच्या दुप्पट खाद्य मिळालेल्या मेंढ्यांत गाभण राहण्याचे प्रमाण निम्म्याच्या आसपास आले. नेमके शरीर टिकवण्यापुरतेच खाद्य मिळालेल्या मेंढ्यांत ते दोन-तृतीयांशांच्या घरात होते. दुप्पट खाणाऱ्या मेंढ्यांना आठव्या ते चौदाव्या दिवसांत बाहेरून प्रोजेस्टेरॉन दिल्यावर ही घट भरून निघाली. दोष प्रोजेस्टेरॉनच्या उतरलेल्या पातळीचा होता हे त्यावरून सिद्ध होते.

म्हणून हिशेब असा ठेवावा. ५० किलो वजनाच्या कोरड्या मेंढीला वजन टिकवायला दिवसाला साधारण एक किलो शुष्क पदार्थ (पाण्याचा अंश वगळून मोजलेले खाद्य) पुरतो. मेंढा लागल्यानंतरचे तीन-चार आठवडे खाद्य याच्या आसपास किंवा थोडे वर ठेवावे. पाचपैकी २.५ ते ३.५ शरीरगुणांकाच्या (अंगावरच्या मांस-चरबीला दिलेल्या गुणाच्या) मेंढ्यांना त्याहून जास्त देण्याची गरज नसते. आधीचा वाढीव खुराक एका दिवसात तोडू नये, आठवडाभरात हळूहळू उतरवावा. या काळात नव्या हिरव्यागार कुरणात अचानक सोडणे हेसुद्धा दुप्पट खुराक देण्यासारखेच आहे, हे लक्षात येत नाही.

उपाशी ठेवणे हा मात्र यावरचा उपाय नव्हे. कमी खाणाऱ्या मेंढीच्या रक्तात प्रोजेस्टेरॉन जास्त दिसते, पण त्यामुळे गाभ जास्त टिकत नाही, आणि दीर्घ उपासमारीत भ्रूण आणि वार दोन्हींची वाढ खुंटते. हडकुळ्या मेंढ्यांचा कळप वेगळा काढून त्यांना बेताने वाढवून द्यावे.

हंगामाचा पहिला माज

माजाचा हंगाम संपून काही महिने गेलेल्या मेंढ्यांत, किंवा पहिलटकर मेंढीत, पहिल्यांदा बीजांड सुटते तेव्हा त्याआधीच्या दिवसांत गर्भाशयाने प्रोजेस्टेरॉन पाहिलेलेच नसते. दोन गोष्टी बिघडतात. एक, माज मुका राहतो. मेंदूवर आधी प्रोजेस्टेरॉनचा अंमल झालेला असेल तरच इस्ट्रोजेनमुळे मेंढी नराला उभी राहते. दोन, अनेक मेंढ्यांत हे पहिले पीतपिंड पाच-सहा दिवसांतच मरते, कारण गर्भाशय प्रोस्टाग्लँडिन अवेळी सोडते.

बिगरहंगामात महिनाभर दूर ठेवलेला मेंढा अचानक कळपात आणला की बऱ्याच मेंढ्यांत दोन-तीन दिवसांत बीजांड सुटते, ते असे मुके. पीतपिंड टिकले त्यांना १८ व्या दिवसाच्या सुमारास उघड माज येतो. ज्यांचे पीतपिंड अल्पजीवी ठरले त्यांच्यात आणखी एक मुका फेरा होतो आणि त्या २४ व्या दिवसाच्या सुमारास येतात. म्हणून अशा कळपातल्या मेंढ्या दोन लाटांत वितात. मेंढा सोडतानाच प्रोजेस्टेरॉनचे एक २० मिलिग्रॅमचे इंजेक्शन दिले, किंवा आधी काही दिवस योनीत प्रोजेस्टेरॉनसारख्या औषधाचा स्पंज ठेवला, तर आखूड फेरा टळतो. आधीच्या प्रोजेस्टेरॉनने पुढच्या पीतपिंडाचे आयुष्य ठरते ते असे.

स्पंज वापरताना

माज एकत्र आणण्यासाठी योनीत ठेवायचे स्पंज मिळतात. त्यात फ्लुजेस्टोन ॲसिटेट २० ते ४० मिलिग्रॅम किंवा मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन ॲसिटेट ६० मिलिग्रॅम असते. टी आकाराच्या सिलिकॉनच्या साधनात ०.३ ग्रॅम नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन असते. स्पंजातली औषधे कृत्रिम असल्याने रक्तातल्या प्रोजेस्टेरॉनच्या तपासणीत ती बहुधा दिसत नाहीत.

स्पंज घालण्यापूर्वी मेंढी गाभण नाही याची खात्री करावी. योनीमुख धुऊन कोरडे करावे, स्पंज आत घालायची नळी प्रत्येक मेंढीनंतर जंतुनाशकात बुडवावी, टोकाला वंगण लावावे. नळी आधी किंचित वरच्या दिशेने आणि मग सरळ आत न्यावी. नळीतल्या दांड्याने स्पंज सोडावा, दांडा स्थिर धरून आधी नळी मागे घ्यावी आणि मग दांडा काढावा. उलटे केले तर स्पंजही बाहेर येतो. दोरा बाहेर लोंबता राहिला पाहिजे, पण इतका लांब नको की शेजारची मेंढी तो चघळून ओढेल. पहिलटकर मेंढीत नळी जोराने घातली तर जखम होऊन स्पंज आत चिकटतो. तिथे आधी वंगण लावलेल्या बोटाने मार्ग तपासावा. हातमोजे घालावेत. गर्भवती स्त्रीने हे काम करू नये.

स्पंज १२ ते १४ दिवस ठेवतात. काढताना दोरा सावकाश मागे आणि खाली ओढावा. गढूळ, दुर्गंधीचा द्रव बाहेर येतो, त्याला घाबरण्याचे कारण नाही. दोरा दिसला नाही तर ‘पडला असेल’ म्हणून सोडून देऊ नये, बोटाने आत पाहावे. राहिलेला स्पंज माज येऊ देत नाही. काढतानाच ईसीजीचे (गाभण घोडीच्या रक्तातून मिळणाऱ्या, पुटिका वाढवणाऱ्या संप्रेरकाचे) ३०० ते ५०० युनिट इंजेक्शन देतात, हंगामात कमी आणि बिगरहंगामात जास्त. डोस वाढवला की तीन-चार बीजांडे सुटून अशक्त कोकरे होतात. माज साधारण ३६ ते ४८ तासांत दिसतो. सगळ्या मेंढ्या एकदमच येत असल्याने दहा मेंढ्यांमागे एक मेंढा तरी लागतोच. वापरलेल्या स्पंजात औषध शिल्लक असते, त्यामुळे ते उघड्यावर टाकू नयेत.

स्पंज जास्त दिवस ठेवल्याने फायदा होतो, हा गैरसमज आहे. शेवटच्या दिवसांत त्यातले औषध कमी पडू लागते. बीजांड सुटू नये इतपत ते पुरते, पण पुटिकेची वाढ आवरत नाही. एकच पुटिका गरजेपेक्षा जास्त दिवस वाढत बसते, तिच्यातले बीजांड शिळे होते आणि त्यातून होणारा भ्रूण कमकुवत निघतो. पाच-सात दिवसांच्या पद्धती त्यातूनच आल्या. त्यात साधन काढताना उरलेले पीतपिंड घालवण्यासाठी प्रोस्टाग्लँडिनही द्यावे लागते.

नंतर दिलेली इंजेक्शने

मेंढा लागल्यानंतर बाराव्या दिवशी बुसेरेलिन (पिट्युटरीला एलएच सोडायला लावणारे औषध) ४ मायक्रोग्रॅम किंवा एचसीजीचे (एलएचसारखे काम करणाऱ्या, माणसाच्या गर्भारपणातल्या संप्रेरकाचे) २०० युनिट देऊन पाहण्याचे प्रयोग झाले आहेत. पीतपिंडाला चालना मिळते, काही वेळा जादा पीतपिंड तयार होते, प्रोजेस्टेरॉन वाढते. भ्रूण मोठा झाल्याचेही दिसले आहे. जन्मलेल्या कोकरांच्या संख्येत मात्र निकाल कधी फायद्याचे, कधी शून्य. ज्या कळपात मेंढ्या अतिखुराकावर आहेत किंवा पहिलटकर जास्त आहेत, तिथे फरक पडण्याची शक्यता जास्त. बाकी ठिकाणी आधी खुराक आणि नर मेंढ्यांची संख्या पाहावी, इंजेक्शनचा विचार पशुवैद्यकासोबत नंतर करावा.

रक्ततपासणी आणि उलटण्याचा दिवस

मेंढा लागल्यावर १७ व्या-१८ व्या दिवशी रक्तात प्रोजेस्टेरॉन एक नॅनोग्रॅमपेक्षा कमी असेल तर मेंढी गाभण नाही, हे जवळजवळ नक्की. जास्त असेल तर ‘पीतपिंड जिवंत आहे’ एवढेच कळते. त्यातल्या काही मेंढ्यांत भ्रूण नंतर मरतो, काहींचा माजाचा दिवस चुकीचा नोंदलेला असतो. त्यामुळे ‘नाही’ या उत्तरावर विश्वास ठेवावा आणि ‘हो’ची खात्री ३५–४० व्या दिवशी पोटावरून सोनोग्राफीने करावी. नमुना थंड ठेवून त्यातला रक्तद्रव लवकर वेगळा करावा.

तपासणीशिवायही बरेच कळते, फक्त मेंढ्याच्या छातीला रंग लावून दर १६ दिवसांनी रंग बदलायला हवा. १६–१८ दिवसांनी उलटलेली मेंढी एकतर फळलीच नाही किंवा तिचा भ्रूण बाराव्या दिवसाआधी गेला वा निरोप पोहोचवण्याइतका वाढला नाही. या दोन्हींत बाहेरून फरक करता येत नाही. २० ते ३० दिवसांच्या दरम्यान उलटली तर भ्रूणाचा निरोप पोहोचला होता आणि तो नंतर मेला. अशा मेंढ्या बऱ्याच निघाल्या तर ताप आणणारे आजार, उन्हाचा ताण, वाहतूक, लसीकरणाची धावपळ हे तपासावे. ३३–३५ दिवसांनी आलेल्या मेंढीचा मधला माज बहुधा नजरेतून सुटलेला असतो.

वारेकडे कारभार जातो तेव्हा

साधारण ५० व्या दिवसापर्यंत प्रोजेस्टेरॉनसाठी मेंढी पूर्णपणे पीतपिंडावर अवलंबून असते. त्याआधी अंडाशये काढली किंवा पीतपिंड मारले तर ती गाभडते. ५०–५५ व्या दिवसांनंतर वार स्वतःच पुरेसे प्रोजेस्टेरॉन बनवू लागते, आणि त्यानंतर अंडाशये नसली तरी गाभ पुढे जातो. शेवटच्या टप्प्यात पातळी पहिल्या महिन्याच्या कित्येक पट होते आणि पोटात दोन-तीन कोकरे असतील तर आणखी जास्त.

यावरून औषधांचा एक साधा नियम निघतो. माज आणण्यासाठी कळपाला सरसकट प्रोस्टाग्लँडिन देण्याची पद्धत असेल, तर मेंढा आधीच कळपात होता का हे विचारल्याशिवाय सुई उचलू नये. पहिल्या दीड महिन्यातली गाभण मेंढी त्या एका डोसने रिकामी होऊ शकते आणि कोणाला कळणारही नाही. उलट नको असलेला गाभ दोन महिन्यांनंतर याच औषधाने उतरेल अशी अपेक्षाही ठेवू नये. कळपात शेळ्या असतील तर हा हिशेब त्यांना लावू नये. शेळीची वार हे काम कधीच पूर्णपणे हाती घेत नाही, ती शेवटच्या दिवसापर्यंत पीतपिंडावरच चालते आणि चौथ्या महिन्यातही प्रोस्टाग्लँडिनच्या एका इंजेक्शनने गाभडते.